उलट्या बाजूचे आकडे

१

तिसरं प्रकरण संपलं आणि पान उलटलं, तर समोर पाचवं प्रकरण.

दोन पानं चिकटली असतील म्हणून संजीवनीने बोटाला थुंकी लावून पाहिलं. मग फाईल उभी धरून झटकली. चौथं प्रकरण नव्हतं. तिने हाताने लिहिलेली, मधे मधे पेन्सिलीची चित्रं काढलेली बावीस पानं गेली होती. बाकी फाईल जशीच्या तशी. नाडीची गाठसुद्धा नीट मारलेली.

ही रविवारी सकाळची गोष्ट. जागा म्हणजे अंबरनाथची एक शाळा, जिच्या दोन खोल्यांत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे आणि दर रविवारी वर्ग भरतात. खोलीत आम्ही चौघे होतो. केंद्र चालवणारे राजेंद्र सर. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्स कारखानदाराची मुलगी पायल, जी डिझाईनचा कोर्स करते. संजीवनी, जी कलेच्या इतिहासात एम. ए. करते. आणि मी, जो काहीच करत नाही.

मी दौलतराव भोईर, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कुळगाव. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांत एकतीस वर्षं कटिंग मास्तर होतो. माझी कात्री चालायला लागली की शहाडच्या स्टेशनात लोक गाडी आली समजून पिशव्या उचलायचे, असं मी सांगतो. बहुतेक लोक हसून निघून जातात. एखादा थांबून ऐकतो. थांबणाऱ्यावर माझा फार जीव.

संजीवनी थांबणाऱ्यांतली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. कारखान्यातून चोरीला गेलेली डेनिमची तेरा थानं मी नुसत्या निळीच्या वासावर कशी शोधली, ते तिने माझ्याकडून चार वेळा ऐकलं होतं. म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्हीच शोधा. बुधवारी द्यायचंय."

नाही कसं म्हणणार? मी चष्मा पुसला आणि हो म्हणालो. कान मात्र गरम झाले. उन्हाळा असता तर उन्हावर ढकललं असतं, पण जानेवारी होता.

२

बुधवारी काय होतं, ते सांगायला हवं.

संजीवनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. वय एक्कावन्न. नवरा गेला, मुलगा सुयोग नोकरीला लागला, त्याचं किर्तीशी लग्न झालं आणि बाईच्या हातात रविवार उरला. एका रविवारी ती अंबरनाथच्या जुन्या देवळात आली. आत गेली नाही, बाहेरच्या भिंतीपाशीच घुटमळत राहिली. मी रोजच्यासारखा कट्ट्यावर बसलेलो. दर्शन नाही घेणार का, असं विचारलं तर म्हणाली, "मी देवाला नाही आले, दगडाला बघायला आले." वर तिने मलाच विचारलं, हे कोणी कोरलं?

मी काहीतरी सांगितलं. काय, ते पुढे येईल. तिला ते पुरलं नाही. घरी जाऊन ती हे शिकवणारी शाळा शोधायला लागली. नोकरी सोडून कॉलेजात बसणं शक्य नव्हतं, तेव्हा घरबसल्या. दोन वर्षं शोधलं. ज्याला विचारावं तो एम. कॉम. कर म्हणायचा. बदलापूरच्या एका क्लासवाल्याने तिला कॉम्प्युटरच्या कोर्सला जवळजवळ बसवलंच होतं. स्टेशनजवळच्या एका एजंटाने तर कसलीही पदवी महिन्यात घरपोच देतो, अभ्यासाची कटकट नाही, असं सांगितलं. ती त्याला म्हणाली, मला कटकटच हवीय हो. शेवटी एका माणसाने शाळेच्या फाटकावरचा केंद्राचा फलक दाखवला. तिथे पायल भेटली आणि तिने मोबाईलवर फॉर्म भरून दिला.

त्याला आता पाच वर्षं झाली होती. पाळी बदलून, पेपर राहून, पुन्हा देऊन ती शेवटच्या प्रकल्पाला पोचली होती. विषय, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती. प्रकल्प हस्तलिखितच लागतो आणि पाचही प्रकरणं असल्याशिवाय घेत नाहीत. नोंदणीची मुदत बुधवारी संपत होती. बुधवार हुकला की पाच वर्षं पाण्यात, पहिल्या पेपरापासून सगळं नव्याने. झेरॉक्स ती सोमवारी काढणार होती.

पाचही लागतात, हे मला त्या खोलीतच कळलं. मी खुर्ची ओढून बसलो.

३

तेवढ्यात संजीवनीला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक आकडा होता. पहिल्या पानामागे १, दुसऱ्यामागे २. तिने स्वतः पानांना आकडे दिलेच नव्हते, शेवटी देणार होती. सर म्हणाले, झेरॉक्सवाल्याने टाकले असतील. झेरॉक्स झालीच नाही, असं ती म्हणाली आणि पानं उलटत गेली. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानामागे ६१. पाचव्याच्या पहिल्या पानामागे ८४.

म्हणजे आकडे टाकले तेव्हा चौथं प्रकरण जागेवर होतं. ज्याने आकडे टाकले, त्यानेच पानं काढली.

मी वही उघडली आणि चौकशीला लागलो. गप्प बसलो असतो तर ते जास्त दिसलं असतं.

राजेंद्र सरांना बाहेर व्हरांड्यात नेलं. त्यांनी ठणकावून सांगितलं की शनिवारी सकाळी शिपायाच्या टेबलावरून फाईल आत आणली, एकेक पान वाचलं, पाचही प्रकरणं होती, मग सही करून लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात. शनिवारी दुपारी कपाट तासभर उघडं होतं, तेव्हा खोलीत फक्त पायल बसलेली. एवढं सांगून त्यांनी घाम पुसला.

पायलला विचारलं तर ती आधी हसली आणि मग रडवेली झाली. म्हणाली, "काका, मैं कशाला घेऊ? माझंच अर्धं नेटवरून उचललंय. सरांना नका ना सांगू."

दुपारी कुळगावला येऊन सुयोगला गाठलं. फाईल केंद्रात पोचवायचं काम त्याच्याकडे होतं, कारण शुक्रवारी संजीवनीची दुसरी पाळी होती. हे पोरगं माझ्यासमोर वाढलेलं. तो बराच वेळ गाडीचा आरसा पुसत राहिला. त्याने सासुरवाडीला सांगून ठेवलं होतं की आई रविवारी योगाच्या वर्गाला जाते. या वयात कॉलेज म्हटलं की लोक तोंडावर कौतुक करतात आणि मागे हसतात, असं त्याचं म्हणणं. आणि शुक्रवारी नेमका सासरा गाडीवर मागे बसलेला. मग फाईल घेऊन केंद्राच्या पायऱ्या कशा चढणार? त्याने ती फाटकापाशी ओळखीच्या माणसाच्या हातात दिली आणि पुढे निघून गेला. आईला मात्र सांगितलं, मी स्वतः टेबलावर ठेवून आलो.

"आईला सांगू नका," तो खाली बघत म्हणाला.

मी नाही सांगत म्हणालो, आणि हा शब्द मला फार सोपा गेला. फाटकापाशी कोण होतं, ते नाव मी वहीत लिहिलं नाही.

४

चार वाजता केंद्र बंद व्हायच्या आधी आम्ही पुन्हा जमलो. मी वही उघडून जे सांगायचं ते सांगितलं, आणि सुयोगच्या नावापुढे 'ठीक' एवढंच वाचलं.

तोवर राजेंद्र सरांनी स्वतःच शोध लावून ठेवला होता. ते उल्हासनगरातच लहानाचे मोठे झाले. फाईल हातात घेऊन त्यांनी मागचे आकडे दाखवले आणि विचारलं, कागदाच्या मागच्या बाजूला नंबर कोण टाकतो? मग स्वतःच उत्तर दिलं. जीन्सवाले. एका थानाची निळी दुसऱ्या थानाच्या निळीशी जुळत नाही. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर आकडा टाकतात, एकाच थराचे पाय आणि खिसे एकाच पँटला लागावेत म्हणून. आणि तो टाकायचा कापडाच्या उलट्या बाजूला, नाहीतर गिऱ्हाईकाच्या मांडीवर सत्तावीस दिसायचा. हे पिढ्यान्‌पिढ्या पायलच्या घरात चालतं. कपाट उघडं होतं तेव्हा हीच खोलीत. स्वतःचा प्रकल्प लिहून झालेला नाही, दुसरीचा पाहून उतरवायला नेला.

पायलचं तोंड उघडं राहिलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

तिच्या आजोबांच्या टेबलावर मी उमेदवारी केली. कापडावर आकडा कुठे टाकायचा, हे मला त्या माणसाने हात धरून शिकवलं. तिच्या बारशाला मी जेवलोय. मी एक शब्द बोलायचा होता, आणि मी हातातल्या पेनाला टोपण लावलंय का ते पुन्हा पुन्हा बघत बसलो.

सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण पायलने पिशवी उचलली त्यावरून कळलं. कोर्स बंद. जाताना तिने कोणाकडे बघितलं नाही.

ती गेल्यावर संजीवनीने सरांना अगदी साधा प्रश्न विचारला.

"सर, चौथ्या प्रकरणात पहिलं चित्र कशाचं होतं?"

सर कपाटाची किल्ली बोटांत फिरवत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, इतके प्रकल्प येतात, मी शेवटचं पान काढतो आणि सही करतो. वीस वर्षं झाली. आजवर कोणी विचारलं नाही.

म्हणजे शनिवारी सकाळी फाईल कपाटात गेली तेव्हाच पानं नसतील. मग पायल कशी? संजीवनीने फाईल पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "काका, उद्या सकाळी देवळापाशी या. कामावर जायच्या आधी."

५

सोमवारी मी तिच्या आधी जाऊन बसलो. रात्रभर अंथरुणात कूस बदलत होतो, तेवढंच. ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं. संजीवनी आली आणि बसली नाही. आरसा धरलेल्या दगडी बाईकडे बघत बोलू लागली.

तिच्या पुस्तकात होतं म्हणे, की जुने कारागीर सही करत नसत. मग कोणती मूर्ती कोणाच्या हातची हे कसं ओळखायचं? चेहरा बघायचा नाही, चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात. पावलं बघायची, नखं, कानाची पाळी. जिथे माणूस विचार न करता हात चालवतो, तिथे त्याचा हात सापडतो.

"पानं काढणारा घाईत नव्हता," ती म्हणाली. "सुटी पानं विस्कटू नयेत म्हणून त्याने आधी आकडे टाकले. म्हणजे त्याला माझी फाईल बिघडवायची नव्हती. फक्त चौथं प्रकरण नको होतं. आकडे मागे टाकले, म्हणजे कटिंगच्या टेबलावरचा माणूस. पण पायलच्या कारखान्यात दहा वर्षं झाली, नंबराचं स्टिकर लावायचं मशीन आहे. तिने हाताने आकडा कधी टाकलेलाच नाही. हे मला तुम्हीच सांगितलेलं, मशीनला शिव्या देत."

कट्ट्यावर एक कुत्रं झोपलं होतं, त्याच्याकडे मी बघितलं.

"काल रात्री जेवताना सुयोगला विचारलं. आधी ठीक म्हणाला. मग घास खाली ठेवला आणि सगळं बोलला. योगाचा वर्गसुद्धा." ती माझ्याकडे वळली. "फाटकापाशी तुम्ही होता, काका."

"होतो."

आता ते पहिल्या दिवशीचं सांगतो. तिने विचारलं होतं, हे कोणी कोरलं? मला माहीत नव्हतं. नाही माहीत म्हणायची मला सवय नाही. मी सांगितलं की ही आरसेवाली म्हणजे चंपा, कारागिराची बायको. कारागिराचा अंगठा छिन्नीखाली गेला, तेव्हा शेवटची मूर्ती चंपाने स्वतः आरशात बघून कोरली. असं काही नाही. चंपाही नाही. सगळं त्या कट्ट्यावर, चहा गार होईपर्यंत, मी रचलं. पण ती ऐकत राहिली. मग दर रविवारी नवीन मूर्ती आणि माझी नवीन थाप. तिने वहीत उतरवून घेतलं आणि मला वाटायचं, बरं आहे, कोणीतरी ऐकतंय.

शुक्रवारी सुयोगने फाईल दिली तेव्हा मी इथेच येऊन उघडली. चौथ्या प्रकरणाचं नाव होतं 'मूर्तींविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथा'. खाली लिहिलं होतं, माहिती देणारे श्री. दौलतराव भोईर. माझं नाव, वळणदार अक्षरात, विद्यापीठात जाणाऱ्या कागदावर. पुढे चंपा, तिचा आरसा, नवऱ्याचा अंगठा. तीन पानं वाचली आणि पुढे डोळा जाईना. कोणीतरी शहाणा माणूस हे वाचणार, या बाईला विचारणार की कुठला पुरावा, आणि ती सांगणार, आमच्या इमारतीतले काका. पाच वर्षांची कटकट माझ्या एका थापेवर उभी. तिला खरं सांगायचं तोंड नव्हतं. म्हणून पानं काढली. बाकीची फाईल शनिवारी उजाडताच टेबलावर ठेवली. उसवलेली शिवण दुरुस्त केल्यासारखं वाटलं मला.

हे सगळं मी तिला तुटक तुटक सांगितलं. ती ऐकत होती, नेहमीसारखी.

"जाळली का?"

नाही, म्हणालो. दाराच्या मागे खिळ्याला कापड कापायचे जुने पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले असतात, त्यांत डेनिमच्या पट्टीने बांधून ठेवलीत.

"तीन पानं वाचली म्हणालात. पुढची नाही?"

"नाही."

"मग वाचा," ती म्हणाली, आणि कामावर निघून गेली.

६

घरी आलो. दार लावून फर्मे खाली घेतले. पट्टीची गाठ एका झटक्यात सुटते अशी मारलेली, ती मला तीनदा ओढावी लागली.

चौथं पान. संजीवनीने लिहिलं होतं की या कथांना कुठलाही जुना आधार नाही. माहिती देणाऱ्यांनी त्या स्वतः रचल्या आहेत. कारागिराचा अंगठा तीन वेळा डावा होता आणि दोन वेळा उजवा. चंपा एकदा नदीपलीकडची होती, एकदा कोकणातली. तारीखवार तक्ता केला होता, पहिली नोंद दुसऱ्याच रविवारची. पुढची अठरा पानं माझ्यावर होती. कोणती गोष्ट मी कुठल्या मूर्तीसमोर उभं राहून सांगितली, तेव्हा माझा हात कुठे होता, कोणती घडी दाखवत होतो. पेन्सिलीच्या चित्रांत आरसेवालीशेजारी माझं बोट.

शेवटच्या पानावर होतं: 'खोटं रचताना ते दगडाकडे नीट बघतात. चंपाच्या नवऱ्याच्या अंगठ्याची गोष्ट खोटी आहे, पण त्या मूर्तीचा अंगठा इतर मूर्तींपेक्षा खरोखर वेगळा कोरलेला आहे, आणि तो आजवर मला इतर कोणी दाखवलेला नाही.'

म्हणजे तिला दुसऱ्या रविवारपासून माहीत होतं. सात वर्षं समोर बसून ती खोटं ऐकत होती आणि खोटं आहे हे जाणून ऐकत होती. पकडला जाण्याची लाज मला ठाऊक आहे, लहानपणापासून. ही तशी नव्हती. हिला मी जागा शोधू लागलो तर घरात सापडेना.

दुपारी कॅम्प तीनला गेलो. पायलच्या कारखान्यात मशीनं चालू होती. तिच्या बापासमोर, कारागिरांसमोर उभं राहून सांगितलं की पानं मी घेतली, आणि काल हिच्यावर आळ आला तेव्हा मी तिथेच बसून होतो. मशीनं एकेक करून थांबली. बापाने हातातला तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, मास्तर, तुम तो घर के आदमी थे. एवढंच. यापेक्षा त्याने कात्री फेकून मारली असती तर बरं होतं. पायल खाली सोडायला आली. म्हणाली, "कोर्स सुरू राहणार माझा. पण काका, काल मी तुमच्याकडे बघत होते." मी हो म्हणालो. मला दिसलं होतं.

मंगळवारी सुयोग पहाटे उठून आईच्या फाईलची सुटी पानं ओवायला भोकं पाडत होता, असं किर्तीने मला जिन्यात सांगितलं. बुधवारी केंद्राच्या पायऱ्या आईबरोबर तोच चढला. सर खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचत होते. आम्हाला दोन तास बसवून ठेवलं, आणि कोणी तक्रार केली नाही.

शेवटी एक कागद उरला. माहिती देणाऱ्याचं संमतिपत्र. संजीवनीने तो माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली.

"हे आधीच घ्यायला हवं होतं. तुम्हाला न विचारता तुमच्यावर लिहिलं. दाखवायचीही लाज वाटत होती, म्हणून फाईल तुमच्याकडे न देता सुयोगच्या हाती पाठवली. तुम्ही नाही म्हणालात तर प्रकरण काढते."

"मग बुधवार?"

तिने फाईलच्या नाडीला हात घातला.

कागदावर एकच ओळ होती: वरील सर्व कथा मी स्वतः रचलेल्या आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांत इतकं खरं वाक्य माझ्या नावाखाली कोणी लिहिलं नव्हतं. व्हरांड्यात सुयोग होता, सर होते, पायल मोबाईल घेऊन उभी होती. सगळे दुसरीकडे बघत होते, मला जागा देत असल्यासारखे. मी पेन घेतलं, कागद सरळ केला आणि खालच्या कोपऱ्यात पूर्ण नाव लिहिलं. दौलतराव भोईर, कटिंग मास्तर.

संजीवनीने कागद उचलला. पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"काका," ती म्हणाली, "सुलट्या बाजूला."